सुधारणा आणि कायापालट

कवितेत काही नवे दिसले की आपल्याकडे लगेच क्रांतीचा पुकारा होतो. कोणी वृत्त मोडतो, कोणी परभाषेतला घाट आणतो. आणि घाट बदलला म्हणजे कविताही बदलली, असे आपण धरून चालतो. मराठी कवितेचा इतिहास मात्र नेमका उलटा दाखला देतो.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. या मंडळींनी घाटांच्या बाबतीत केलेले काम थोडेथोडके नव्हे. केशवसुतांनी आणलेले सुनीत त्यांनी रुळवले. माधव जूलियनांनी फारसीच्या व्यासंगातून गज्जल आणली, ‘छंदोरचना’सारखा ग्रंथ सिद्ध केला. (त्यांच्या एका खंडकाव्याचे नावच ‘सुधारक’ आहे, तिथला सुधारक समाजातला, तरी योगायोग गमतीचा खराच.) पण या नव्या घाटांतून बोलतो कोण? प्रेमात पडलेला, हिरमुसलेला, रूढींवर चिडणारा, परंतु स्वतःच्या ‘मी’विषयी सहसा साशंक न होणारा हा माणूस आपल्या पूर्वपरिचयाचाच आहे. घराला खिडक्या वाढल्या, राहणारा तोच. ही सुधारणा. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पुढे सुरेश भटांनी गझल घरोघर नेली, तिची पायवाट जूलियनांचीच.

आता मर्ढेकर पाहा. १९३९ चा ‘शिशिरागम’ मागल्याच संस्कारांतला आहे. मध्ये महायुद्ध होऊन गेले, आणि १९४७ साली ‘काही कविता’ आली. घाटांचे मर्ढेकरांनी काय केले? नवा घाट असा फारसा आणलाच नाही. ओवी, अभंग, ओळखीचे मात्रावृत्त, सारे बाडबिस्तर जुनेच. पण अभंग म्हटला की विटेवर कोणीतरी ऐकत उभा आहे, हे गृहीत असते; गाऱ्हाणे सांगायलाही त्यामुळे बळ येते. मर्ढेकरांच्या अभंगात ऐकणारा आहे की नाही, याचीच शंका बोलणाऱ्याला खाते. कानाला टाळांची सवय आणि शब्द कारखान्यातले. संस्कृत आशीर्वचनाच्या साच्यात ‘रूटीन’ येऊन बसते. पिंपात मेलेले उंदीर साध्या, जवळजवळ बालगीताच्या चालीत येतात, म्हणूनच ते अंगावर येतात. तीच कविता मोडक्यातोडक्या ओळींत लिहिली असती तर वाचकाने सावध होऊन तिला दूर ठेवले असते. ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले. वृत्ताबद्दल मात्र कोणाची फारशी तक्रार नव्हती. बोलणारा माणूसच पालटला होता, आणि ते लोकांना सोसले नाही.

आज मुक्तछंद हीच रूढी झाली आहे. अशा पुष्कळ कवितांतून तोच हिरमुसलेला गृहस्थ अजून बोलतो. त्याचे यमक तेवढे सुटले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हाही मुक्तछंद काही नवा नव्हता. नवे होते ते कामाठीपुऱ्यातून बोलणारे तोंड, आणि त्या बोलीपुढे प्रमाण मराठीची उडालेली तारांबळ.