‘ॲबॉलिश’ आणि ‘ॲनिहिलेट’

आपल्या लेखनात ‘ॲबॉलिशन’ आणि ‘ॲनिहिलेशन’ या दोन्ही इंग्रजी शब्दांसाठी सर्रास ‘निर्मूलन’ लिहिले जाते. ही ढिलाई चळवळीला महाग पडते. ‘ॲबॉलिश’ म्हणजे एखादी प्रथा वा संस्था कायद्याने रद्द करणे. १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता ‘ॲबॉलिश’ केली. जात केली नाही. ‘ॲनिहिलेट’च्या पोटात ‘निहिल’, म्हणजे ‘काहीही नाही’, हा लॅटिन शब्द आहे. मागमूसही न उरणे, हा त्याचा अर्थ. बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या भाषणाच्या शीर्षकात हाच शब्द योजला. शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा नष्ट झाल्यावाचून जात जाणार नाही, हे त्या भाषणाचे सूत्र. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला धर्मग्रंथांवरचा हा प्रहारच खुपला आणि त्याने परिषद रद्द केली. ते भाषण झालेच नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. कलमाने प्रथा रद्द होते, श्रद्धा होत नाही. म्हणून ‘ॲबॉलिश’ला ‘रद्द करणे’ म्हणावे आणि मुळासकट उपटण्याचा अर्थ असलेले ‘निर्मूलन’ ‘ॲनिहिलेशन’साठीच राखावे. नाहीतर कायदा झाला, आता जात कुठे उरली, असे विचारणाऱ्यांचे आयतेच फावते.