‘चिकटणाऱ्या’ पेशी आणि प्रयोजक क्रियापद

पेशींविषयी बोलण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही; परंतु प्रयोगशाळेतील शब्द भाषेचेच असतात, आणि त्यांची छाननी करणे हे आमचे काम आहे.

उंदराच्या प्लीहेतील पेशींकडून काचपात्रात प्रतिद्रव्ये निर्माण करवून घ्यावयाची तर पात्राला चिकटणाऱ्या व न चिकटणाऱ्या अशा दोन्ही पेशी लागतात, असे डोनाल्ड मोझियर यांनी १९६७ साली दाखविले. येथे ‘चिकटणारी’ हे केवळ विशेषण होते. पुढे त्याचे नाम झाले, आणि त्या नामाचा अर्थ बहुधा ‘महाभक्षक पेशी’ असाच घेतला जाऊ लागला. शिवाय तिला ‘साहाय्यक’ हे दुय्यम पद मिळाले, ते निराळेच!

राल्फ स्टाइनमन व झानव्हिल कोन यांनी १९७३ साली वर्णिलेली द्रुमाकृती पेशी या शब्दाआड दडली होती. तीही प्रथम चिकटते. पण रात्रभरात सुटते. स्टाइनमन व मार्गारेट विटमर यांच्या १९७८ च्या निबंधाचे खरे मोल येथे आहे. एका वाणाच्या उंदराच्या पेशी दुसऱ्या वाणाच्या लसिकापेशींत मिसळून त्यांनी निरनिराळ्या पेशींचे सामर्थ्य तोलले, तेव्हा द्रुमाकृती पेशी इतर प्रमुख पेशींहून निदान शंभरपट प्रभावी ठरल्या. गुणावरून जाती ठरविण्याची चूक अशी मोजमापाने उघडी पडली.

मात्र त्या प्रयोगपद्धतीतील ‘चेतक’ व ‘प्रतिसादक’ ही जोडी आम्हांस अपुरी वाटते. चेतक पेशींचे विभाजन किरणोत्साराने वा औषधाने आधीच थांबविलेले असते; मोजला जातो तो प्रतिसादक पेशींनी शोषलेला किरणोत्सारी थायमिडीन. म्हणजे चेतणारी स्वतः कर्ता आहे, आणि चेतविणारी प्रयोजक कर्ता. मराठी व्याकरण हा भेद सहज दाखविते. शिवाय मोजमाप विभाजनाचे. त्या विभाजनाची परिणती कशात, हे तो आकडा सांगत नाही. शरीरात दाह नसताना याच पेशी प्रतिजन दाखवून लसिकापेशींत सहिष्णुता आणतात, हे २००१ साली उंदरांवरील प्रयोगांनी दिसून आले. तेथेही लसिकापेशी प्रथम विभागतातच, आणि मग बहुतांशी नाहीशा होतात. अशा पेशीस नुसते ‘चेतक’ कसे म्हणावे?

आमच्या परिभाषेत ‘चेतक’ हा शब्द प्रयोगातील भूमिकेपुरताच ठेवावा, आणि पेशीचे नाव ‘द्रुमाकृती’ असावे. तो आकार निदान सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.