छोट्या चाचणीचे मोठे आश्वासन

जन्मतः दीड किलोच्या आत वजन असलेल्या बाळांना जंतुसंसर्गाचा धोका फार असतो. त्यांच्या दुधात एखादा पदार्थ मिसळून तो टाळता आला तर कोणाला नको आहे? लॅक्टोफेरिन हे प्रथिन त्यासाठी पुढे आले. आईच्या दुधात, विशेषतः सुरुवातीच्या चिकात, ते भरपूर असते. ते लोह घट्ट धरून ठेवते आणि लोहावाचून अनेक जीवाणूंची वाढ खुंटते. गाईच्या दुधातूनही ते वेगळे काढता येते.

२००९ साली मान्झोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतील ११ रुग्णालयांतील चाचणी प्रसिद्ध केली. लॅक्टोफेरिन न दिलेल्या १६८ बाळांपैकी २९ जणांना संसर्ग झाला, तर ते दिलेल्या १५३ पैकी फक्त ९ जणांना. म्हणजे १७.३ टक्क्यांवरून ५.९ टक्के! चाचणीची पद्धत योग्यच होती. पण तिच्यावरून जी अपेक्षा बांधली गेली, ती आम्हांला घाईची वाटते. या तुलनेतला सारा फरक अवघ्या ३८ आजारी बाळांवर उभा होता.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ४० मुलांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवू द्या. एखाद्या-दुसऱ्या मुलाला आठ किंवा अधिक छापे मिळतील. त्याचे नाणे खोटे आहे काय? सर्वांची मिळून ४०० नाणेफेक मोजा, छापे निम्म्याच्या आसपास येतील. लहान चाचण्यांचेही असेच असते. मोठा फरक दाखवणारीची चर्चा होते, बाकीच्या मागे पडतात.

२०१९ साली ब्रिटनमधील ३७ रुग्णालयांतील ‘एल्फिन’ चाचणी प्रसिद्ध झाली. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेली सुमारे २,२०० बाळे तीत होती. लॅक्टोफेरिन मिळालेल्या १,०९३ पैकी ३१६ बाळांना संसर्ग झाला, न मिळालेल्या १,०८९ पैकी ३३४ बाळांना. २८.९ आणि ३०.७ टक्के, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील १,५०० हून अधिक बाळांच्या चाचणीतही (२०२०) ठोस फायदा आढळला नाही.

इथे एक सावधगिरी हवी. ब्रिटनच्या आकड्यांत केवळ संशयित संसर्गही मोजले आहेत. म्हणून इटलीचे ५.९ आणि ब्रिटनचे २८.९ शेजारी ठेवू नयेत. तुलना त्या त्या चाचणीतल्या दोन गटांचीच करावी.

लोहाचे स्पष्टीकरण खोटे ठरलेले नाही. परंतु परीक्षानळीत जे घडते ते बाळाच्या शरीरात उपयोगी पडेलच, असे नाही. डब्यावरचा दावा वाचताना आपण विचारावे: किती बाळांवर पाहिले? तुलना कोणाशी केली? दुसरीकडे तसेच आढळले का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पालकांना अशा पुडीवर खर्च करायला सांगू नये. आईचे दूध बाळाला मिळते आहे ना, हे मात्र आधी पाहावे.