यदृच्छेची खिडकी

जर्मनीतील कलोनच्या कॅथीड्रलची दक्षिणेकडील भव्य खिडकी दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. नव्या खिडकीत विसाव्या शतकातील हुतात्मे असावेत, अशी कॅथीड्रलच्या धर्मगुरुमंडळाची मूळ इच्छा होती. एडिथ श्टाईन, मॅक्सिमिलियन कोल्बे ही नावे त्यांत होती. चित्रकार गेरहार्ट रिश्टर यांच्या खिडकीत मात्र एकही संत नाही. २००७ साली अनावरण झालेल्या या खिडकीत ७२ रंगांचे ११,२६३ चौकोन आहेत आणि कोणता रंग कोठे बसावा हे संगणकाने यदृच्छेने ठरविले आहे. कार्डिनल माइस्नर नाराज झाले. ही खिडकी मशिदीत अधिक शोभली असती, असे त्यांचे मत पडले.

ही नाराजी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. अक्षरशून्य भाविकांनी शतकानुशतके रंगीत काचांतूनच शास्त्रकथा वाचल्या आहेत. परंतु देवाच्या घरात नशिबाचा खेळ कशाला, हा आक्षेप मला पटत नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती. मात्र त्याआधी त्यांनी दोन योग्य माणसे पुढे केली, प्रार्थना केली आणि मगच चिठ्ठी टाकली. रिश्टर यांनीही जुन्या खिडक्यांशी नाते सांगणारे रंग स्वतः निवडले, चौकोनाचे माप बांधून दिले आणि अर्ध्या पट्ट्यांत उरलेल्या अर्ध्यांचे प्रतिबिंब योजिले. यदृच्छेला मोकळीक मिळाली ती या कुंपणाच्या आत.

नियमातून रूप उगवू देण्याची रीत आपल्याला परकी नाही. वांगणीहून बदलापूर ओलांडले की अंबरनाथ येते. तेथील शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा, शिलालेख आहे. मंदिर भूमिज शैलीचे. शिखराच्याच छोट्या प्रतिकृती ओळीने, थरांवर थर चढत जातात. तेथे यदृच्छा नाही, पण एकच नियम पुन्हापुन्हा लावून स्थपतीने केवढे वैभव उभे केले आहे!

आता संगणक क्षणार्धात छपरांचे शंभर नमुने काढून देतो. उद्या एखाद्या धर्मग्रामात नव्या प्रार्थनामंदिराचे असे नमुने टेबलावर आले, तर समितीने प्रथम विचारावे: यंत्राला अटी कोणी घातल्या? वेदीवर सकाळचा उजेड कोठून येणार, आषाढातले पाणी कोठे जाणार, म्हातारी माणसे पायऱ्या कशा चढणार? हे ज्याने आधी ठरविले नाही, त्याच्या नमुन्यांत यदृच्छा नव्हे, निव्वळ आळस आहे.

कलोनची खिडकी या कसोटीला उतरते. हुतात्म्यांची जागा मात्र तिने रिकामी ठेवली, ही माझी तक्रार कायम आहे.