नेपथ्य आणि सृष्टी

व्हिडिओ खेळांच्या कलेविषयी साहित्याच्या नियतकालिकात लिहावे काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. नाटकाच्या नेपथ्याचा विचार आपण करतो, चित्रपटाच्या दृश्यरचनेचाही करतो. मग जेथे प्रेक्षक स्वतःच रंगभूमीवर उतरून मनाला येईल त्या दिशेने चालू लागतो, त्या कलेने तेवढे समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर का राहावे, हे आम्हांस उमगत नाही.

मुक्त संचाराच्या अद्भुतरम्य खेळात कलावंतापुढील अडचण विलक्षण आहे. चित्रकाराला चौकट असते, नेपथ्यकाराला रंगमंचाची कमान असते. येथे मात्र पाहणारा कोठे उभा राहील, हेच ठाऊक नसते. पुष्कळ खेळ या अडचणीवर नकाशाभर खुणा पेरून तोड काढतात. परिणामी खेळणारा खुणा पाहतो, डोंगर पाहत नाही. क्योतोच्या निन्तेन्दो कंपनीने २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये निराळा मार्ग धरला. तेथील भूमी लहानमोठ्या त्रिकोणी उंचवट्यांनी रचलेली आहे. उंचवटा पुढचे दृश्य झाकतो; चढून जावे की वळसा घालावा, हे आपण ठरवतो, आणि पलीकडे काही नवे दिसते. कुतूहल हाच तेथील वाटाड्या होय.

हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली फ्रॉम सॉफ्टवेअर या जपानी संस्थेने २०२२ मध्ये 'एल्डन रिंग' सिद्ध केला. त्याच्या पुराणकथेचा पाया जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी घातला. आरंभीच्या अंधाऱ्या भुयारातून बाहेर पडताच क्षितिजावर एक प्रचंड सुवर्णवृक्ष दिसतो. भूपृष्ठावरील बहुतेक प्रत्येक ठिकाणाहून तो दिसत राहतो. तांबड्या, सडलेल्या केलिड प्रांतात तो दिसला की धीर येतो. सिओफ्रा नदीकडे खोल पाताळात उतरल्यावर मात्र माथ्यावर कृत्रिम तारांगण पसरते, आणि वृक्षाचा अभाव जाणवतो. दिशा दाखविणारी खूण अशा रीतीने हळूहळू आधार बनते.

आणि मग तोच वृक्ष आपल्याला जाळावा लागतो. त्याच्या दारावर काट्यांचे कुंपण आहे. आग लावल्यावाचून कथा पुढे सरकत नाही. त्यानंतर राजधानी लेंडेल राखेखाली गाडली जाते, आणि ज्या रस्त्यांवरून आपण हिंडलो ते पुन्हा पूर्ववत् होत नाहीत. हा प्रसंग संवादांनी सांगितला असता तर साधारणच ठरता. तो हृदयाला भिडतो, कारण कित्येक तास डोळ्यांनी त्या वृक्षावर विसंबून राहण्याची सवय लावून घेतलेली असते. येथे नेपथ्य हे नेपथ्य राहत नाही; तेच कथानक होते.

निर्दोष अशी ही कृती नव्हे. भूमिगत थडग्यांची तीच ती दगडी दालने आणि तेच ते शत्रू वारंवार भेटतात. उत्तरेच्या हिमप्रदेशात तर विस्तार आशयाला मागे टाकतो. विस्तीर्णतेचा मोह ही या कलाप्रकाराची जुनी व्याधी आहे. सृष्टी किती मोठी, हा प्रश्न व्यापाऱ्याने विचारावा. तिच्यातील एखादी वस्तू नाहीशी झाल्यावर आपणांस पोरके वाटते काय, हा रसिकाचा प्रश्न आहे, आणि त्या कसोटीला 'एल्डन रिंग' उतरतो, असे आमचे मत आहे.