एकाच संगणकावर पायथनच्या अनेक आवृत्त्या : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :
पायथन ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. पूर्वीच्या आवृत्तीशी असलेली सुसंगतता तिच्यात जाणीवपूर्वक सोडण्यात आली होती. परिणामी दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर नांदविण्याची गरज निर्माण झाली. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा अधिकृत आधार संपला. तथापि जुन्या कामाच्या पडताळणीपुरती ही गरज आजही शिल्लक आहे. त्यासाठी रूढ असलेल्या उपायांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
बीबी हे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील गाव. यूटीएफ-८ संकेतनात साध्या स्ट्रिंगच्या रूपाने लिहिलेल्या या नावाची लांबी विचारली असता पायथन २ हे १२ असे उत्तर देते, तर पायथन ३ हे ४ असे. पहिली आवृत्ती बाइट मोजते. दुसरी 'ब' आणि वेलांटी यांना स्वतंत्र चिन्हे मानते. मराठी वाचकाच्या लेखी मात्र अक्षरे दोनच. त्याचप्रमाणे ५ ला २ ने भागल्यास पायथन २ मध्ये २ आणि पायथन ३ मध्ये २.५ मिळतात. या दोन्ही प्रसंगी संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. गावांची नावे ठरावीक लांबीवर तोडणारी जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीवर निमूटपणे वेगळीच यादी देईल.

यावरील पहिला उपाय म्हणजे जुनी आवृत्ती काढून नवी बसविणे. तो वरवर सोपा, परंतु घातक आहे. कारण अनेक लिनक्स प्रणालींची स्वतःची साधने त्यांच्यासोबत आलेल्या पायथनवरच अवलंबून असतात. दुसरा उपाय २०१२ मध्ये पायथन ३.३ सोबत आलेल्या 'व्हेन्व्ह'चा. त्याच्याविषयी गैरसमज अधिक आहे. तो प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवतो. नवी आवृत्ती मात्र आणून देत नाही. तिसरा उपाय 'पायएन्व्ह'. यात प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते आणि प्रकल्पातील एका लहान फाइलमधील क्रमांकानुसार योग्य ती निवडली जाते. तिन्हींत हाच उपाय मूळ प्रश्नाला भिडतो. त्याची मर्यादा अशी की, प्रत्येक आवृत्ती सामान्यतः मूळ संहितेपासून त्याच संगणकावर बांधावी लागते. त्यासाठी कंपायलर, इंटरनेट आणि वेळ हवा. ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही अट लहान नाही. २०२४ मध्ये आलेले 'यूव्ही' हे साधन तयार बांधणी उतरवून घेत असल्याने वेळेची अडचण कमी करते. इंटरनेटची गरज मात्र कायम राहते.

निष्कर्ष :
अनेक आवृत्त्या बाळगणे ही हौस नसून पडताळणीची पूर्वअट आहे. मात्र पायथन २ ला अधिकृत सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून तिचा वापर शक्यतो इंटरनेटपासून अलग ठेवलेल्या संगणकावरच व्हावा. केवळ साधन बसविल्यानेही प्रश्न सुटत नाही. विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिक-वहीत उत्तराशेजारी आवृत्तीचा क्रमांक लिहिला गेला, तरच १२ आणि ४ यांतील फरक परीक्षकास चूक न वाटता समजू शकेल.