नाताळचं पत्र कुठल्या पत्त्यावर?

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भायखळा स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं, की थोड्या अंतरावर ग्लोरिया चर्चचे मनोरे दिसतात. तिथून माझगावकडे वळून माथारपाखाडीत शिरलं, तर जुन्या लाकडी घरांच्या सज्जांवर चांदण्या लटकत असतात. शाळेत असल्यापासून दर डिसेंबरात एकदा तरी मी हा फेरफटका मारते. नाताळ माझ्या घरचा सण नाही. पण तो कुणा परक्याचा सण आहे, असंही मला कधी वाटलेलं नाही.

म्हणूनच एका ठरावीक गोष्टीपाशी मी दरवेळी अडखळते. तुम्हीही ती कुठेतरी वाचली असेल. विशीबाविशीतला एक मिशनरी परदेशात आहे. त्याचा पहिलाच नाताळ. बर्फ नाही, आईच्या हातचा केक नाही, भाषा धड येत नाही. संध्याकाळी तो खोलीत एकटा बसून घरी पत्र लिहितो. मग शेजारची कुणी गरीब बाई काहीतरी खायला आणून देते, त्याचे डोळे भरून येतात आणि त्याला सणाचा ‘खरा अर्थ’ कळतो. गोष्ट संपते.

या गोष्टीतलं दुःख खोटं नसतं. पहिली दिवाळी हॉस्टेलवर काढलेल्या कुणालाही ते समजेल. माझी तक्रार वेगळी आहे. त्या शेजारच्या बाईला गोष्टीत नाव नसतं. ती येते, खाऊ देते, लेखकाला धडा शिकवते आणि जाते. तिच्या घरी त्या दिवशी काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही. लेखक वाईट असतो म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. पत्र घरी जायचं असतं. घरच्यांना जेवढं समजेल आणि जेवढं ऐकायचं असेल तेवढंच त्यात मावतं. म्हणून मुंबईशी आणि मराठीशी जोडलेली काही माणसं आणि पुस्तकं मी इथे एकाच प्रश्नानं वाचून बघणार आहे: लिहिणाऱ्यानं पाकिटावर पत्ता कुणाचा घातलाय?

सणच नसलेले पाहुणे

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट चर्चांनी परदेशी पाठवलेल्या पहिल्याच तुकडीतली ही माणसं. हॉल २८ वर्षांचा होता. पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून जे उभं राहिलं त्याची ही सुरुवात. कंपनी सरकारला मिशनरी नको होते आणि त्यातून इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं. दोघांना परत पाठवायचे हुकूम निघाले. त्यांनी गुपचूप मुंबई सोडली, ते कोचीनपर्यंत पोचले आणि तिथून त्यांना परत आणण्यात आलं. डिसेंबरमध्ये त्यांना इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढवायचं ठरलं. हॉलनं गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना एक कळकळीचं पत्र लिहिलं आणि अगदी शेवटच्या घटकेला हुकूम थांबला.

म्हणजे त्यांचा मुंबईतला पहिला नाताळ सामान बांधायचं की सोडायचं या घालमेलीला लागून आला. सिनेमावाल्यांना याहून चांगला सीन काय हवा? पण गंमत अशी, की तो सण त्यांचा नव्हताच. न्यू इंग्लंडच्या ज्या प्युरिटन परंपरेतून हे लोक आले, तिला नाताळ मान्य नव्हता. बायबलमध्ये तारीख नाही, तेव्हा सणही नाही, असा त्यांचा हिशेब. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये गेला, पण तिथे नाताळची सरकारी सुट्टी व्हायला १८५६ साल उजाडलं. सिंथिया फरार या शिक्षिका २९ डिसेंबर १८२७ रोजी मुंबईत उतरल्या. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. पुढे अहमदनगरला तिच्या शाळेचं काम जोतीराव फुल्यांनी पाहिलं, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. तिच्या प्रवासातली २५ डिसेंबर ही तारीख समुद्रावर गेली. तिच्या मंडळींच्या लेखी तो इतर दिवसांसारखाच एक दिवस.

आणि ‘नाताळ’ हा शब्दच बघा. तो पोर्तुगीजांचा. गोवा, वसई, माझगाव या किनाऱ्यावरच्या कॅथलिकांनी तो मराठीत रुजवला, अमेरिकन साहेब यायच्या कितीतरी आधी. ज्या गावात सण शेदोनशे वर्षं मुरलेला होता, तिथे सण न मानणारे धर्मप्रचारक आले. एकटा मिशनरी सण घेऊन येतो आणि स्थानिकांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, ही कल्पना मुंबईत पहिल्या पावलालाच लटपटते.

घरी जाणारं पुस्तक

या पहिल्या तुकडीतली एक मुलगी मुंबईपर्यंत पोचलीच नाही. हॅरिएट न्यूएल १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशसला वारली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिची रोजनिशी आणि पत्रं लवकरच छापून निघाली आणि अमेरिकेत घरोघरी वाचली गेली. त्या पुस्तकानं एक साचा पाडला: घर सोडणं, समुद्र, आजार, शरणागती, मरण. पुढची कितीतरी मिशनरी चरित्रं त्यातूनच निघाली. गॉर्डन हॉलचं आयुष्यही त्यात बरोबर बसतं. १८२५ मध्ये त्याची बायको मुलांना घेऊन जहाजानं अमेरिकेला निघाली, तो मागे एकटा राहिला आणि मार्च १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेतच पटकीनं गेला.

हे वाचताना मला हसू येत नाही आणि येऊही नये. ही माणसं खरोखर मेली, तीही अगदी तरुण वयात. पण साहित्य म्हणून बघायचं तर या पुस्तकांत एक मोठा दोष आहे. शेवट आधीच ठरलेला असतो. प्रत्येक घटना त्या शेवटाकडे ढकललेली असते. पटकीनं त्याच महिन्यात मेलेली नाशिकची माणसं हा त्यात देखावा असतो, आणि मरण फक्त हॉलला येतं. पाकिटावर बॉस्टनचा पत्ता असला की असं होतं.

एक पत्र आणि एक पुराण

याचा उतारा मराठीत दोनशे वर्षं आधीच तयार होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोचला. वय तिशीच्या आसपास. १० नोव्हेंबरला त्यानं वडिलांना पत्र लिहिलं, पुढे ते इंग्लंडात छापलंही गेलं. त्यात समुद्र आहे, वारे आहेत, मासे-पक्षी आहेत, खलाशांचे आजार आहेत. नुकत्याच उतरलेल्या मुलानं बापाला लिहावं तसंच ते आहे. त्यानंतर दीड महिन्यात त्याचा परदेशातला पहिला नाताळ आला.

तो घरी परत गेलाच नाही. चाळीस वर्षं तिथेच राहून १६१९ मध्ये वारला. आणि १६१६ मध्ये त्यानं छापलं ते ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं. धर्म बदललेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि कानाला नवं काही नव्हतं, म्हणून ते लिहिलं. देवनागरीचे टाइप नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं. देवनागरीतली आवृत्ती यायला १९५६ साल लागलं.

घरच्या पत्रापासून पुराणापर्यंतच्या सदतीस वर्षांत नेमकं काय बदललं? भाषा बदलली हे उघडच आहे, पण माझ्या मते त्याहून मोठा बदल ऐकणाऱ्यात झाला. आता तो इंग्लंडातल्या बापाशी बोलत नव्हता, साष्टीतल्या श्रोत्यांशी बोलत होता. त्यांच्या कानाची सवय, त्यांचा ओवीचा ठेका, त्यांचे प्रश्न त्याला सांभाळावे लागले. पुराण लिहिणारा स्वतःच्या एकटेपणाबद्दल फारसं बोलूच शकत नाही, तो घाटच त्याला परवानगी देत नाही. हे पुस्तक पोर्तुगीज सत्तेच्या सावलीत लिहिलं गेलं आणि ती सावली क्रूर होती, हेही विसरून चालणार नाही. श्रोत्यांपैकी कितीजण स्वखुशीनं तिथे बसले होते, हा प्रश्न पुराण वाचताना मनात ठेवावाच लागतो. तरीही ज्या माणसांत राहिला त्यांना उद्देशून लिहिणं, एवढी एक पायरी तो चढला.

भायखळ्यात जन्मलेला परदेशी

आता भायखळ्याकडे. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १८४७ साली इथेच जन्मला, अमेरिकन मिशनच्या कुटुंबात. १८५४ मध्ये सगळे अमेरिकेला निघाले आणि वडील वाटेत समुद्रावरच वारले. आईनं मुलांना मॅसॅच्युसेट्समध्ये वाढवलं. रॉबर्ट येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ मध्ये, सत्ताविशीत, मिशनरी म्हणून परतला. अहमदनगर हे त्याचं कामाचं गाव झालं. ह्यूम घराण्याचं नाव भायखळ्यात आजही एका शाळेला आहे.

आता सांगा, १८७४ चा नाताळ या तरुणानं ‘घरापासून लांब’ काढला का? सात वर्षांपर्यंत त्याच्या कानावर पडलेले आवाज मुंबईचे. त्याचं बर्फ खरं की भायखळ्याचा पाऊस खरा?

याचा परिणाम त्याच्या धर्मविचारावर झाला असावा, असं मला वाटतं. १८८६ मध्ये सुट्टीवर अमेरिकेत असताना त्यानं एका वादात उडी घेतली. ख्रिस्ताचं नावही न ऐकता जे मेले, त्यांना मरणानंतर संधी मिळेल अशी आशा धरायला तो तयार होता. बोर्डाच्या कर्त्याधर्त्यांना हे खपलं नाही. त्याचं हिंदुस्थानात परतणं अडकलं आणि मोठ्या वादानंतर सुटलं. बॉस्टनच्या खुर्चीत हा प्रश्न तात्त्विक होता. नगरच्या एखाद्या म्हाताऱ्यानं ‘माझी आई कुठे गेली मग?’ असं विचारलं, तर तो तात्त्विक राहत नाही. पत्त्याचा गोंधळ असलेल्या माणसालाच असले प्रश्न नीट ऐकू येतात.

बाईला नाव मिळतं

हेच ह्यूमसाहेब लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये येतात. १९३४ पासून भागाभागानं आलेलं हे पुस्तक तुम्ही शाळेत धड्यापुरतं वाचलं असेल, तर पुन्हा वाचा. मिशनरी पुस्तकांचा सगळा कॅमेरा इथे उलटा फिरलेला आहे. साहेब हे टिळकांच्या भल्यामोठ्या गोतावळ्यातलं एक पात्र. प्रेमळ, मदतीचं, पण एकच. खाऊ आणून देणारी निनावी बाई इथे पुस्तक लिहायला बसली आहे.

आणि घरापासून लांब कोण, याचंही उत्तर इथे बदलतं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांकडे होत्या. नवरा जिवंत, पण गमावलेला. समाजाच्या लेखी धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. अनेक वर्षांनी त्या नगरला आल्या, आधी सोवळं-ओवळं सांभाळत, मग एकेक सोडत, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. समुद्र ओलांडलेला साहेब निदान घरी पत्र तरी लिहू शकत होता. लक्ष्मीबाईंचं घर तीन-चार मुक्कामांवर होतं आणि तरी तिथे परत जायची वाट बंद होती. आपल्याच भाषेत, आपल्याच जिल्ह्यांत परकं होणं म्हणजे काय, हे या पुस्तकाइतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पुस्तकाची ताकद अशी, की लक्ष्मीबाईंना पुढच्या पानावर कुठला धडा द्यायचाय हे ठाऊक नसल्यासारखं त्या लिहितात. भांडण म्हणजे भांडण, फजिती म्हणजे फजिती. मर्यादाही आहे. टिळकांवरच्या मायेपायी त्या खूप काही हसण्यावारी नेतात. बायकोला न सांगता आयुष्य उलटंपालटं करणाऱ्या माणसाचा राग जिथे यायला हवा, तिथे विनोद येतो. तो राग वाचकानं स्वतःच्या जबाबदारीवर करायचा. मिशनच्या पैशाचा प्रश्नही असाच कडेकडेनं जातो. टिळकांनी मात्र तो शेवटी स्वतःपुरता सोडवला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली.

‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं, साधारण अकरा अध्यायांवर. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, शेवट मुलगा देवदत्त यांनी केला. प्रामाणिकपणे सांगायचं तर ते आज जड जातं, स्टीफन्सच्या ओव्या अधिक वाहत्या आहेत. पण नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकलेल्या बाईनं ख्रिस्ताचं चरित्र मराठीत पुरं करत आणावं, ही घटना कुठल्याही नाताळच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे.

टिळक ९ मे १९१९ रोजी जे. जे. हॉस्पिटलमध्ये वारले. कोकणातल्या करजगावी जन्मलेला माणूस भायखळ्यात संपला, आणि भायखळ्यात जन्मलेला ह्यूम दहा वर्षांनी अमेरिकेत. दोघांपैकी घराजवळ कोण मेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या डिसेंबरात मी माथारपाखाडीत जाईन तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ फोनमध्ये असेल. ती एकट्या मिशनऱ्याची गोष्ट पुन्हा समोर आली तर तीही वाचेन. फक्त शेजारची बाई ताटली घेऊन आली, की तिथे थांबेन आणि तिचं नाव शोधेन.